उंबरमाळच्या डेगेवर थोरवडे महासंघाची स्वारी

खालचा भैरवनाथ आणि वरची वाघजाई, उभयतांस दंडवत घालून ही हकीकत सादर केली आहे. आपले राज्य दुसऱ्याच्या राज्यात मिळवावे की नुसता देवाणघेवाणीचा तह राखावा, या मसलतीत जे कोणी राजे, वजीर अथवा सोसायट्यांचे अध्यक्ष पडले असतील, त्यांनी ती अवश्य ऐकावी, आणि भरल्या पोटी ऐकावी. कारण हिच्यात एक आमटी नासते, आणि ती वाचवणे लेखणीच्या हाती नव्हते.

मावळ प्रांती, लोणावळे ठाण्याच्या पूर्वेस, दोन दौलती नांदत होत्या. खालची थोरवडे: सपाट भातखाचरे, पक्की सडक, ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, मांडवाचे लोखंडी खांब आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, ऐसा तिचा सरंजाम. वरची उंबरमाळ: वरई-नाचणीची उतारावरची शेते, करवंदीच्या जाळ्या, चैत्र सरताच दम तोडणारा एक झरा, आणि एक डेग. थोरवड्याची सडक जिथे संपे तिथून उंबरमाळची पायवाट सुरू होई, आणि सडक कोणी करावी व पायवाट कोणी चालावी याचा निवाडा कैक पिढ्यांपूर्वी होऊन गेलेला होता.

आता डेगेविषयी. ती तांब्याची, आतून कल्हई केलेली, चौघांनी बांबूला बांधून उचलावी इतकी मातब्बर. अख्खे लग्न तिच्यात शिजे. काठावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे होती: मुक्ताबाई, उंबरमाळ. या मुक्ताबाई म्हणजे सांप्रत डेगेचा कारभार पाहणाऱ्या सावित्राबाईंच्या सासू, आणि त्यांच्या आधी वाडीस मोठे भांडे म्हणून नव्हतेच. वाडीत लग्न निघाले की थोरवड्याची भांडी मागावी, आणि थोरवड्याने आपली लग्ने उरकून, सवड पाहून, मग द्यावी. म्हणजे उंबरमाळच्या मुलींच्या तिथी पंचांग ठरवीत नसे, थोरवड्याचे रिकामे पातेले ठरवी. मुक्ताबाईंचे स्वतःचे लग्न याच कारणे दोनदा पुढे ढकलले गेले, आणि अखेर लागले तेव्हा वऱ्हाड चिखलात उकिडवे बसून जेवले. ते त्या विसरल्या नाहीत. तुंगार्लीच्या तळ्याकाठी धनिकांचे बंगले उठत होते तिथे त्यांनी वर्षानुवर्षे घमेली वाहिली, आणि मग एके दिवशी वडगावच्या तांबटाकडून ती डेग आणून आपल्या पडवीत पालथी घातली. त्या दिवसापासून उंबरमाळच्या लग्नाची तिथी उंबरमाळ ठरवू लागली. राज्य राज्य म्हणतात ते याहून निराळे काय असते, हे या बखरकारास ठाऊक नाही.

उभय दौलतींत एक रिवाज चालत होता, आणि त्याचा कागद कोठेही नव्हता. थोरवड्यास डेग लागली तर ज्याच्या घरी कार्य त्याने जातीने नारळ घेऊन वर यावे, उंबऱ्यापाशी उभे राहून 'मुक्ताबाईला धाडा' म्हणावे, आणि डेग न्यावी. काम झाले की घासून परत आणावी, परंतु रिकामी आणू नये. तळाशी त्या कार्याचे अन्न घालून आणावे. उंबरमाळास टँकर वा मांडव लागला तर हाच रिवाज उलट्या दिशेने चाले. असे बहुत वर्षे चालले, आणि कोणास त्यात काही उणे दिसले नाही, म्हणूनच ते सुधारण्याची गरज एका गृहस्थास भासली.

ते गृहस्थ महिपतराव. देहूरोडास सरकारी भांडारात उभी हयात काढून ते निवृत्त होऊन थोरवड्यास परतले, तेव्हा हुकूम सोडण्याची सवय त्यांच्याबरोबर आली आणि हुकूम ऐकणारी माणसे देहूरोडास राहिली. त्यांचे पुतणे स्वराज हे पुण्यास व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन आले होते आणि गळ्यातली ओळखपत्राची फीत रविवारीही उतरवीत नसत. त्या वैशाखात महिपतरावांची कन्या अपेक्षा हिचे लग्न ठरले, आणि त्याच तिथीस वर उंबरमाळात सावित्राबाईंची नात करिष्मा हिचेही ठरले. तिथी मोठी होती. मुलखातले सारे केटरर, सारी भाड्याची भांडी त्या दिवसासाठी गुंतलेली, आणि थोरवड्याची स्वतःची पितळी पातेली एवढ्या मोठ्या कार्यास अपुरी. डेग त्या दिवशी वर उंबरमाळातच लागणार, हे उघड होते. रिवाजाप्रमाणे महिपतरावांनी नारळ घेऊन चढून जावे आणि दोन घटका बोलून मार्ग काढावा, एवढेच काम होते. परंतु नारळ हाती धरून डोंगर चढणे त्यांच्या हुद्द्यास शोभेना, जरी तो हुद्दा संपून तीन वर्षे झाली होती. ज्याची मागणी करावी लागते ते आपलेच करून टाकावे म्हणजे मागणेच उरत नाही, ही कल्पना जगात पुष्कळ बादशहांस पूर्वी सुचलेली आहे. महिपतरावांस ती अंघोळ करताना स्वतंत्रपणे सुचली.

मग स्वराज यांनी लॅपटॉप उघडला, आणि 'थोरवडे-उंबरमाळ संयुक्त भांडी व मंगलकार्य महासंघ' याची घटना लिहिली गेली. उभय दौलतींची सर्व भांडी महासंघाच्या मालकीची, ऐसे पहिले कलम. मग ओगराळ्याचे एकच माप, आमटीच्या तिखटाची एकच पायरी, वाढप्यांस एकाच रंगाच्या टोप्या, आणि एकमेकांवर टेकलेल्या दोन झाऱ्यांचे निशाण. जेवणाआधी महासंघाचे गीत वाजावे आणि पंगतीने ते उभे राहून ऐकावे, असेही एक कलम होते. भुकेल्या माणसास पुन्हा उठवण्याची कल्पना ज्याच्या डोक्यात येते त्याने आयुष्यात पंगत वाढलेली नसते, एवढीच टीप येथे पुरे. व्हॉट्सॲपावर महासंघाचे दफ्तर स्थापन झाले, आणि त्यात लिहिण्याचा अधिकार महिपतराव व स्वराज या दोघांनी आपल्यापाशी ठेवून बाकी रयतेस अंगठा दाखवण्याची मोकळीक दिली.

मग शुभदिन पाहून वकिलातीने उंबरमाळकडे कूच केले. सडक संपेपर्यंत बोलेरो, पुढे पायी. स्वराज यांचे टोकदार बूट करवंदीत दोनदा अडकले आणि एकदा सुटले. सावित्राबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिले, गूळ दिला आणि पुन्हा सूप हाती घेतले. स्वराज यांनी लॅपटॉप उघडून महासंघाचे उज्ज्वल भवितव्य दाखवले, परंतु ऊन पडद्यावर येत असल्याने भवितव्य कोणास दिसले नाही. सावित्राबाईंचे धाकटे दीर बहिरू यांस त्या जागीच सहउपाध्यक्ष नेमण्यात आले, छातीवर पितळी बिल्ला लावण्यात आला, आणि बहिरू तत्काळ पायावर पाय टाकून बसले. वरपर्यंत पाण्याची पाइपलाइन आणण्याचा विचारही महासंघ विचारात घेईल, ऐसे आश्वासन दिले गेले.

सावित्राबाईंनी सर्व ऐकले. मग सुपातला खडा बाहेर टाकत विचारले, "मग डेग कुनाची?"

"सगळ्यांची, मावशी. म्हणजे महासंघाची."

"आन पायजे झाली तर मागायची कुनाकडं?"

स्वराज हसून म्हणाले की मागायचे नाहीच, अर्ज करायचा, आणि समिती ठरवील. समितीत थोरवड्याचे नऊ आणि उंबरमाळचे दोन, लोकसंख्येच्या प्रमाणात, अगदी शास्त्रशुद्ध.

"येका तिथीला दोन लग्नं आली तर?"

यावर महिपतराव समोरच्या डोंगराकडे पाहू लागले, आणि स्वराज यांनी कलम वाचून दाखवले की अशा प्रसंगी मध्यवर्ती कार्यालयास जवळच्या कार्याला प्राधान्य राहील. मध्यवर्ती कार्यालय म्हणजे महिपतरावांची ओसरी. सावित्राबाईंनी मान डोलावली. मग पडवीच्या कोपऱ्यात डेग पालथी होती आणि तिच्यावर मांजर निजले होते, तिकडे बोट करून त्यांनी शेवटचे विचारले, "आन ते नाव?"

स्वराज यांनी खुलासा केला की जुनी नावे मशिनवर घासून काढायची आणि सर्व भांड्यांवर महासंघाचे नाव एकाच अक्षरात घालायचे, म्हणजे तुझे-माझे उरत नाही. सावित्राबाईंचे सूप थांबले. त्या उठल्या नाहीत, रागावल्या नाहीत, नुसता हात लांब करून डेगेच्या काठावर ठेवला, आणि वाडीला विचारून सांगते, एवढे बोलल्या.

दुसऱ्या दिवशी उंबराखाली उंबरमाळचा दरबार भरला. ही बखर महासंघाची थट्टा करते म्हणून महासंघाच्या बाजूने काही बोलण्यासारखे नव्हतेच, ऐसे कोणी समजू नये. बहिरू यांनी बिल्ल्यावर हात ठेवून सांगितले की आत शिरलो तर दोन तरी मते हाती येतील, बाहेर राहिलो तर ठरवायचे ते खाली ठरणारच आणि आपल्याला निकाल तेवढा कळणार. हे खरे होते. मग लोणावळ्याच्या रिसॉर्टात गाडी चालवणारे गोरख यांनी सांगितले की जग मोठमोठे गट करून चालले आहे, एकटा राहील तो मागे राहील, आणि पाणी खालून येते हे विसरून कसे चालेल. हेही खरे होते. दरबार खाली पाहू लागला, कारण झऱ्याची धार त्या दिवशी करंगळीएवढी झाली होती.

मग करिष्मा बोलली. ती वडगावास एका लॅबमध्ये तपासणीचे काम करी, आणि घरात उगाच बोलत नसे. ती म्हणाली, "आजी, माझी तारीख पुढं ढकला. माज्या एकटीपायी अख्ख्या वाडीचं पानी तोडून घेऊ नका."

या वाक्याने दरबारातले निम्मे लोक सुटकेचा श्वास टाकते झाले, आणि नेमके तेच सावित्राबाईंनी पाहिले. एवढ्या सोप्या रीतीने तिथ्या ढकलल्या जात असतील पूर्वी; कोणी जुलूम केला म्हणून नव्हे, तर एखाद्या शहाण्या मुलीने आपण होऊन म्हटले म्हणून, आणि मग सर्वांस बरे वाटले म्हणून.

"तुज्या पणजीची दोनदा ढकलली," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा ढकलायला न्हाई आनली तिनं डेग."

बहिरू यांनी विचारले, मग वैनी, थोरवड्याशी वैर घ्यायचे काय?

"वैर कशाला? त्यांचा टँकर घेऊ, आपली डेग देऊ. शेजारीण म्हनून जल्मभर ऱ्हाऊ." सावित्राबाईंनी पदर सारखा केला. "पन नांदायला न्हाई जानार त्यांच्यात. नांदायला गेलेलीनं माहेरचं भांडं बी सासरला इचारून घ्यावं लागतं."

यावर वाडीतल्या साऱ्या बायका हसल्या, आणि ज्या हसल्या नाहीत त्यांचे तोंड अधिक काही सांगून गेले. मग ठराव होऊन गोरख तोंडी खलिता घेऊन खाली रवाना झाले: देवाणघेवाण कबूल, महासंघ नामंजूर. बहिरू यांनी दरबाराच्या निर्णयास संमती दिली, परंतु बिल्ला परत केला नाही.

खलिता ऐकताच महिपतरावांच्या क्रोधास पारावार राहिला नाही. त्यांनी दफ्तरात फर्मान काढले की बिगरसदस्य मुलखास टँकर जाणार नाही, मांडव जाणार नाही, आणि लाल खुर्ची तर एकही जाणार नाही. खाली अंगठ्यांची रांग लागली. काही अंगठे अशा लोकांचे होते ज्यांनी फर्मान वाचले नव्हते, आणि काही अशांचे ज्यांनी वाचले होते. दोन्हींचा रंग पिवळाच.

तेव्हापासून उंबरमाळास वेढा पडला. सावित्राबाई पहाटे झऱ्यावर जात आणि करवंटीने पाणी भरत, आणि एक हंडा भरेपर्यंत ऊन डोंगरावरून उतरून पायाशी येई. पिण्यास पुरे, लग्नास पुरणार नाही. वऱ्हाडाने हात कशात धुवावे, भात कशात शिजावा, आणि करिष्माच्या सासरच्यांनी पहिल्याच दिवशी सुनेच्या वाडीत कोरडे तांबे पाहावे काय, हा विचार करवंटीबरोबर खालीवर होई. एके दुपारी घरात कोणी नसता त्यांनी मांजरास हाकलले, जोर लावून डेग भिंतीशी कलती केली आणि काठावरच्या अक्षरांवर बोट फिरवले. नावाने तहान भागत नाही, हे त्यांस कळत होते. सासूबाई असत्या तर काय करत्या, हेही विचारून पाहिले. पण मुक्ताबाई जन्मात कोणाच्या प्रश्नास सरळ उत्तर देणाऱ्या नव्हत्या आणि मेल्यावरही त्यांनी तो स्वभाव सोडला नव्हता. सावित्राबाईंनी बाळाची टाळू पाहावी तशी आतली कल्हई बोटाने पाहिली. लग्नसराईआधी वडगावच्या बाजारी नेऊन नवी करून आणलेली, दुधासारखी पांढरी. मग त्यांनी डेग पुन्हा पालथी घातली. लग्नाला आता आठवडाही उरला नव्हता.

इकडे थोरवड्यात महासंघाच्या स्थापनेचा सोहळा मुक्रर झाला. एका सदस्यानेही महासंघ होतो, ऐसे स्वराज यांचे मत पडले. आपली भांडी पाहून उंबरमाळाचे डोळे दिपावे म्हणून महिपतरावांनी थोरवड्याची सारी पितळी पातेली टेंपोत घालून देहूरोडाकडील एका ओळखीच्या पॉलिशवाल्याकडे रवाना केली. पॉलिशवाल्याने विचारले, बाहेरूनच ना? महिपतरावांनी हुकूम दिला की आतूनबाहेरून, चेहरा दिसला पाहिजे. भांडी परत आली ती खरोखर सोन्यासारखी. आणि आतली कल्हई, जी पातेल्याची खरी इभ्रत, ती मशिनच्या चाकावर धूळ होऊन उडून गेली होती. थोरवड्यात हे कोणास समजले नाही ऐसे नव्हे. घरोघर पितळ वापरून वाढलेली माणसे ती. महिपतरावांच्या पत्नी लीलाबाई यांनी पातेल्यात एकदा डोकावून सांगितले की कल्हईवाला लग्नसराईत गावोगाव फिरतो आहे, तो सापडेपर्यंत यांत आंबट शिजवू नका. त्यांची सूचना मोलाची मानून ती पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्यात आली.

सोहळ्याच्या दिवशी त्या पातेल्यांत आमटी झाली, आणि आमटीत आमसुले सढळ हाताने पडली. तरी आमटी लागलीच वाढली असती तर कदाचित थोडक्यात निभावले असते. परंतु प्रथम ड्रोन उडाला, आणि मग निशाण चढले, आणि मग गीत झाले, आणि ध्वनियंत्र मध्येच बंद पडले म्हणून गीत पहिल्यापासून झाले, आणि मग स्वराज यांनी घटना वाचली, आणि मग महिपतराव बोलण्यास उभे राहिले; आणि या साऱ्या वेळात आंबटाने आणि पितळेने आपले काम चालू ठेवले. त्या दोघांचे वैर जगातल्या सर्व महासंघांहून जुने आहे आणि त्यांस कोणाचे भाषण ऐकू येत नाही.

पहिल्या पंगतीने पहिला भुरका मारला. मग टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने वाटी खाली ठेवून शांतपणे सांगितले, "कळकली." दुसऱ्याने वाटीत पाहिले; कडेला हिरवट झाक होती. एकेक पान सरकू लागले. महिपतरावांनी अध्यक्षाच्या इतमामास शोभेल असे करून आपली वाटी शेवटपर्यंत संपवली आणि उत्तम झाल्याचे जाहीर केले; त्यानंतर ते घाईने घराच्या मागील बाजूस गेले, आणि पुढे दोन दिवस महासंघाची चव त्यांच्या जिभेवरून उतरली नाही.

आता लग्नास तीनच दिवस उरले, आणि थोरवड्यात चेहरा पाहण्याजोगी भांडी होती, स्वयंपाक करण्याजोगे एकही नव्हते. केटरर नाही, भाड्याचे भांडे नाही, कल्हईवाला पवनेपलीकडे कोठेतरी. महिपतरावांनी तातडीची बैठक बोलावण्याचा मनसुबा केला. तेव्हा लीलाबाई ओसरीवर आल्या, नारळ महिपतरावांपुढे ठेवला, आणि म्हणाल्या, "लेकीच्या पंगतीत हेच वाढायचं का? उठा. वर चला. मी बी येते."

बोलेरोचा चालक लग्नाच्या पत्रिका वाटत फिरत होता, सबब महिपतराव पायी चालले. चढणीवर ते तीनदा बसले, आणि तिन्ही वेळा लीलाबाई चार पावले पुढे जाऊन थांबल्या. उंबरमाळची माणसे आपापल्या दारांतून पाहत होती आणि कोणी हसले नाही. सावित्राबाई पडवीत बसल्या होत्या. महिपतराव उंबऱ्यापाशी उभे राहिले, घाम पुसला, आणि सवयीने सुरुवात केली की महासंघाच्या वतीने मी अशी विनंती करतो.

"म्हासंघाला म्या वळखत न्हाई, आबा," सावित्राबाई म्हणाल्या. "तुमाला वळखते."

महिपतरावांनी हातातल्या नारळाकडे पाहिले. तो त्यांनी सरकारी जिन्नस धरावा तसा दूर धरला होता. आता दोन्ही हातांत घेतला.

"मुक्ताबाईला धाडा," ते म्हणाले.

"कोन मागतंय?"

मग अध्यक्ष, निमंत्रक, घटनाकार आणि निवृत्त भांडारप्रमुख यांतून गाळून जे उरले ते म्हणाले, "अपेक्षाचा बाप."

सावित्राबाईंनी उठून नारळ घेतला आणि लीलाबाईंस आत बसावयास पाट दिला. त्यांस त्या क्षणी जे सुचू शकले असते, नाक घासून घेणे, मागची फर्माने एकेक वाचायला लावणे, पाइपलाइनचे विचारणे, त्यांतले त्यांनी काहीच केले नाही. त्यांस पाणी हवे होते आणि खालच्यांस डेग हवी होती, आणि ज्यास जे हवे ते समोर होते. बहिरू यांनी तहनामा कागदावर व्हावा आणि त्यावर आपली सहउपाध्यक्ष म्हणून सही असावी ऐसा आग्रह धरला, परंतु घरात कागद सापडला नाही, आणि कोणी फारसा शोधलाही नाही. तोंडी ठरले ते असे: टँकर व मांडव आदल्या दिवशी वर, करिष्माचे लग्न सकाळच्या मुहूर्तावर, तिची पंगत उठली की डेग खाली, आणि अपेक्षाचे लग्न गोरज मुहूर्तावर. म्हणजे नारळ पहिल्याच दिवशी आला असता तर जे ठरले असते, तेच.

लग्नाच्या आदल्या दिवशी टँकर सडकेच्या टोकाशी उभा राहिला, आणि तिथून वाडीपर्यंत माणसांची साखळी लागून हंडा हातोहात वर चढला. तिथीच्या दिवशी पहाटे डेग चुलाणावर चढली, मसालेभाताचा वास खाली थोरवड्यापर्यंत गेला, आणि करिष्माचे लग्न ठरल्या तिथीस, ठरल्या वेळी, कोरड्या जमिनीवर, लाल खुर्च्यांवर बसलेल्या वऱ्हाडासमोर लागले. पंगती उठल्या. डेग राखेने आणि चिंचेने बाहेरून घासली, आतून फडक्याने हळू पुसली, बांबूला बांधली आणि चौघांनी खांद्यावर घेतली. गोरख पुढे निघणार तोच सावित्राबाईंनी हाक मारून थांबवले. डेग या खेपेस परत जात नव्हती, नुसती जात होती, आणि जाताना भरून धाडावी ऐसा रिवाज कोठेच नव्हता. तरी त्यांनी करिष्माच्या लग्नाचा भात केळीच्या पानात बांधून तिच्या तळाशी ठेवला.

खाली लीलाबाईंनी डेग उतरवून घेतली, आत पाहिले, आणि कोणास काही न सांगता तो भात प्रथम अपेक्षाच्या पानावर वाढला. महिपतराव त्या वेळी पाहुण्यांस फेटे बांधवीत होते. फेटे सर्व एकाच रंगाचे होते. तेवढे एक कलम महासंघाने अमलात आणले.

येणेप्रमाणे उंबरमाळची फत्ते जाहली. एका वाडीने आपली तिथी राखली आणि शेजारही राखला. खालच्या दौलतीची एक पंगत वाचली. जखमी म्हणावे तर एक जीभ आणि एक बूट. दुसऱ्या दिवशी डेग वर आली ती बुंदीने निम्मी भरून, आणि सावित्राबाईंनी ती वाडीत दारोदार वाटली. बहिरू यांचा बिल्ला अजून त्यांच्यापाशी आहे. त्याच्या टाचणीने पायातला काटा उत्तम निघतो. महासंघ विसर्जित झाला नाही, ऐसे संघ कधी होत नसतात. त्याची बैठक महिपतरावांच्या ओसरीवर भरते, पातेली काचेच्या कपाटात झळकतात, आणि कल्हई केल्यास चेहरा दिसणार नाही म्हणून लीलाबाईंची सूचना अद्याप विषयपत्रिकेवरच आहे.

डेग सावित्राबाईंच्या पडवीत पालथी आहे, नाव उजेडाकडे आहे, आणि वर मांजर निजले आहे. ज्यास हवी असेल त्याने नारळ घेऊन यावे आणि आपले नाव सांगावे.